कडीचा रुपया

माझी नोकरी भेसळ पकडण्याची आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत बसतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक गोणीतली चिमूटभर पावडर माझ्यासमोर येते आणि ती शुद्ध आहे की नाही ते मी सांगतो. माझ्या सहीशिवाय गोणी गोडाऊनमध्ये जात नाही. पुरवठादार मला वचकून असतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना विसरता कामा नये की हा माणूस शिकलेला होता आणि त्याच्या टेबलावर दशांशानंतर चार आकडे दाखवणारा तराजू होता.

नाण्यांचा नाद मला चाळिशी उलटल्यावर लागला. या वयात काही लोक सकाळी चालायला लागतात, काही ट्रेकला जातात, काहींना एकदम गाता येतं असं वाटू लागतं. मला कपाटाच्या कप्प्यात कमळाचं एक पितळी वीस पैशाचं नाणं सापडलं आणि मी कामातून गेलो. वर्षभरात तीन अल्बम झाले, एक जाडजूड वही झाली. वहीत प्रत्येक नाण्याचं साल, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो आणि शेवटी एक रकाना, ‘स्थिती’. त्यात मी उत्तम, बरी किंवा सदोष असं लिहीत असे. हा रकाना भरताना मला फार बरं वाटायचं. घरात दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर माझं मत कुणी विचारत नव्हतं.

नाणी घ्यायला माझ्याकडे दोन दारं होती. एक पालघरला, स्टेशनाजवळच्या गल्लीत. तिथे एक म्हातारे काका घड्याळं दुरुस्त करत आणि जोडीला जुनी नाणी घेत-विकत. डोळ्याला भिंग, समोर शिसवी लाकडाचा तुकडा. चांदीचं नाणं आलं की ते आधी त्या लाकडावर टाकून त्याचा आवाज ऐकायचे, मग बघायचे. विकायची त्यांना मुळीच घाई नसे. गिऱ्हाईक आलं की त्यांच्या तोंडावर असा भाव यायचा, की आता हा काहीतरी घेऊन जाणार. एकदा मी माझा एक काळवंडलेला रुपया प्रयोगशाळेतल्या द्रावणात बुडवून लखलखीत केला आणि मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवायला नेला. त्यांनी तो लाकडावर टाकलासुद्धा नाही.

“काय केमिस्ट, आंघोळ घातलीत काय याला?”

मी म्हणालो, “जरा स्वच्छ केला.”

“शंभर वर्षांची साय खरवडून टाकलीत. काळा होता तो त्याचा रंग होता. धुतलेला माल मी घेत नाय.”

एका माणसाने एका वाक्यात माझी पदवी आणि माझी नोकरी दोन्ही निकालात काढली. त्या दिवसापासून मी दुसऱ्या दाराकडे वळलो. ते दार फोनमध्ये होतं. नाणी विकणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात देशभरातले लोक. तिथे मला कुणी केमिस्ट म्हणत नव्हतं, सगळे सर म्हणत. “सर, सिर्फ आपके लिए रखा है.” रेल्वेने पालघरला जाऊन बोलणी खाण्यापेक्षा बोईसरला घरी पंख्याखाली बसून सर ऐकणं कुणालाही बरं वाटेल. काका एकदा म्हणालेही होते, “फोटू वाजवून बघता येतो का?” मला ते जुन्या माणसाचं जुनं बोलणं वाटलं.

घरी कळू नये म्हणून पार्सलं मी कारखान्याच्या पत्त्यावर मागवत असे. त्यामुळे घरी कळलं नाही, कारखान्यात सगळ्यांना कळलं. गेटवरचा वॉचमन शिफ्ट सुटताना शंभर माणसांसमोर हाक मारायचा, “साहब, आपका सिक्का आया है.”

आता त्या रुपयाबद्दल. आमच्या देवघरात, चांदीच्या लहानशा वाटीत, एक राणीछाप रुपया असे. तो माझ्या बायकोचा. ती केळव्याची. तिच्या माहेरी पानमळा आणि नारळाची थोडी वाडी होती. सासूबाई पानांच्या जुड्या बांधून बाजाराला नेत. तो रुपया त्यांनी दिलेला. कधी, कसा, हे मी कधी विचारलं नव्हतं. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, तो वाटीतून निघे. बायको तो चिंच आणि रांगोळी लावून घासायची, संध्याकाळी पूजेत मांडायची, हळदकुंकू वाहायची आणि दुसऱ्या दिवशी परत वाटीत. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हापासून ती तो जरा जास्त वेळ घासते असं मला वाटायचं. चांदीची झीज होते म्हणून मला ते खटकायचं. एवढंच खटकायचं, हेही सांगायला हवं.

त्या रुपयाला दोष होता. राणीच्या डोक्यावर, कडेला, चांदीचा एक ओबडधोबड फुगवटा होता. पूर्वी बायका रुपयांना वितळत्या चांदीच्या डाखाने कडी जोडून गळ्यातल्या माळेत ओवत. कडी तोडली की असा डाग राहतो. नाणी जमवणारे त्याला ‘कडीचा रुपया’ म्हणतात आणि नाक मुरडतात. त्याला चांदीचाच भाव मिळतो. म्हणून माझ्या वहीतही त्याची नोंद नव्हती. घरातलाच, त्यात सदोष, त्याचा फोटो कशाला काढायचा?

नाणी जमवणाऱ्यांची एक रीत आहे. संग्रहात एखादं खराब नाणं असेल आणि त्याच सालाचं चांगलं मिळालं, तर चांगलं ठेवायचं आणि खराब काढून टाकायचं. आम्ही याला ‘अपग्रेड’ म्हणतो. श्रावणात फोनवर एका विक्रेत्याने राणीछाप रुपयाचा फोटो टाकला. साल तेच. राणीच्या मुकुटाचा मोती न् मोती दिसत होता, कडेला ओरखडा नव्हता. आणि माझ्या डोक्यात आलं की देवघरातला रुपया अपग्रेड करावा.

मी हे चोरी म्हणून केलं नाही. आज लाज वाटते ती याचीच जास्त वाटते. मला खरोखर वाटलं की मी बायकोवर उपकार करतोय. त्याच राणीचा, त्याच सालाचा, वर निर्दोष. पार्सल आलं. ते चार दिवस माझ्या टेबलाच्या खणात होतं आणि खणाच्या वर तो चार दशांशांचा तराजू होता. मी त्या चार दिवसांत चाळीस गोण्यांचे नमुने तोलले. रुपया तोलला नाही. तो फोटोतल्यासारखाच दिसत होता ना, मग?

मग एका रविवारी, बायको भाजीला गेली असताना, मी वाटीतला रुपया काढला आणि नवा ठेवला. जुना आता जास्तीचा झाला होता. तो घेऊन मी पालघरला गेलो. काकांकडे नागमोडी कडेचं एक आण्याचं नाणं होतं, त्या मालिकेतलं एकच साल माझ्याकडे नव्हतं. काकांनी माझा रुपया लाकडावर टाकला. मोठा गोड आवाज आला. मग भिंग लावून त्यांनी तो बराच वेळ बघितला. अक्षरांच्या खाचांत कुंकू होतं.

“घरातला हाय काय?”

“नाही. असाच आला होता.”

त्यांनी भिंग काढून ठेवलं. कडीचा म्हणून चांदीच्या भावात धरला, आण्याच्या नाण्याची किंमत वळती करून वरचे पैसे दिले आणि रुपया एका डब्यात टाकला. मी आण्याचं नाणं खिशात घालून शीळ वाजवत स्टेशनावर आलो. रुपया देऊन आणा घेणारा माणूस सोळा आणे मूर्ख असतो हे सांगायला हिशेब यावा लागत नाही. मला मात्र हिशेब येत असूनही ते कळलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी बाल्कनीत आकाशकंदिलाची वायर जोडत होतो. स्वयंपाकघरातून हाक आली नाही, बायकोच बाहेर आली. तळहातावर रुपया.

“याचा डाग कुठं गेला?”

मी आधी ठरवलं होतं की पूजेच्या वेळी ही आनंदाची बातमी सांगायची. पण तिचा चेहरा बघून बातमी बदलली. तोंडातून निघालं, “मीच काढला. लॅबमध्ये. छान दिसावा म्हणून.”

“मी कधी बोलली, छान नाय दिसत म्हणून?”

ती आत गेली. मला वाटलं, सुटलो. पाच मिनिटांनी ती परत आली. घासता घासता राणीचं नाक तांबडं झालं होतं, मग गाल, मग हनुवटी. राणीला जबर सर्दी झाली होती. वरची चांदी म्हणजे नुसता मुलामा, आत तांबं. मी रसायनशास्त्राचा पदवीधर, मला ते एका नजरेत कळलं. चिंच आणि रांगोळी यांनी दहा मिनिटांत जी परीक्षा केली ती मी चार दिवसांत केली नव्हती.

तिला मात्र वाटलं की माझ्या लॅबच्या उद्योगाने आईचा रुपया जळाला. मी तो आरोप निमूट मान्य केला. खुनाच्या खटल्यात एखाद्याने घाईघाईने चोरी कबूल करावी, तसं. ती ओरडली नाही. म्हणाली, “जसा होता तसा करून आणा. तुमी केमिस्ट ना?” संध्याकाळी पूजेत तिने रुपयाच्या जागी माहेरच्या वाडीतली सुपारी ठेवली. पाडव्याला मला ओवाळलं, माझी ओवाळणी तबकातून उचलली आणि निरांजन खाली ठेवत म्हणाली, “तुळशीच्या लग्नापर्यंत आणा.”

कारखान्यात गेल्यावर मी प्रथम तो नवा रुपया तोलला. रुपयाचं वजन एक तोळा. आपल्याकडे तोळा मोजायचेच रुपयाने. हा पाऊण तोळा भरला. फोनवर त्या विक्रेत्याला लिहिलं, तर सर म्हणणारा तो माणूस ग्रुपमधून नाहीसा झाला होता. त्याचा राग करायला मला वेळ नव्हता.

पालघरला काकांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं.

“मी तेव्हाच विचारलं, घरातला हाय काय. तुमी नाय बोललात. घरातला बोलला असता तर बाजूला ठेवला असता. दिवाळी झाली की दोन-चार माणसं परत येतातच.”

“आता कुठे आहे?”

“कडीचे सगळे दिवाळीच्या तोंडावर मनोरला दिले सराफाला. त्याची जोडवी-पैंजणं करतात.”

म्हणजे वितळवायला. नाण्याच्या नादात मला कधी भीती वाटली नव्हती, ती त्या क्षणी वाटली. तो रुपया मुशीत वितळला तर जगातल्या कुठल्याच ग्रुपवर तो मिळणार नव्हता, आणि ती मला म्हणाली होती, जसा होता तसा.

मनोरच्या सराफाने मात्र आनंदाची बातमी दिली. त्याचा कारागीर बिहारला गावी गेला होता आणि छटपूजा करूनच परतणार होता. भट्टी बंद होती. त्याने काचेच्या कपाटाखालून एक पितळी पातेलं काढून माझ्यासमोर ठेवलं. आत कडीचे रुपये. पन्नासच्या आसपास. सगळ्यांच्या डोक्यावर डाग, सगळे काळपट, बऱ्याच जणांच्या खाचांत कुंकू.

मी एकेक उचलून बघू लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मला तो ओळखता येत नाही. माझ्याकडे चारशे नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो होते. पंचवीस वर्षं माझ्या घरात असलेल्या रुपयाचा एकही नव्हता. साल तेवढं पाठ होतं. त्या सालाचे चार निघाले. चौघांना डाग. मी ते काउंटरवर ओळीने मांडून बघत बसलो.

सराफ कंटाळला. म्हणाला, “साहेब, कुठलाही घ्या. राणी तीच, साल तेच, चांदी तीच.”

माझंच वाक्य होतं ते. श्रावणात मी ते स्वतःला ऐकवलं होतं, तेव्हा ते इतकं बेअक्कल वाटलं नव्हतं.

तरीही मी एक घेतलाच. अक्कल आली की माणूस लगेच सुधारतो असं नाही. चारांतला जरा जास्त झिजलेला निवडला, पैसे दिले, घरी आलो आणि प्रसन्न चेहऱ्याने तिच्या तळहातावर ठेवला. “घे. झाला पूर्वीसारखा. फार खटपट करावी लागली.”

तिने तो बघितलाही नाही. नुसता अंगठा कडेवरून फिरवला.

“हा नाय.”

“अगं, तोच आहे. नीट बघ.”

“बघायचं काय त्यात? हा टोचत नाय.”

मग मी सगळं सांगितलं. श्रावण, फोन, पार्सल, भाजीचा रविवार, काका, मनोर. सांगताना मध्ये मध्ये स्वतःची बाजू मांडायचा प्रयत्न केला, पण बाजू अशी काही सापडेना. तिने एकच प्रश्न विचारला. “त्याच्या बदली काय आणलंत?” मी अल्बम आणून ते आण्याचं नाणं दाखवलं. तिने ते वर-खाली करून बघितलं.

“एवढंसं?”

ती ते परत ठेवून चप्पल घालायला गेली.

बोईसरहून मनोरला जाताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. चिल्हार रस्त्यावरचे खड्डेसुद्धा तिने विनातक्रार सोसले, यावरून काय ते ओळखलं. दुकानात सराफाने पातेलं पुढे केलं. मी लगबगीने त्या सालाचे उरलेले तीन शोधून तिच्यापुढे ठेवले. तिने एकेकावर अंगठा फिरवला आणि तिन्ही बाजूला सारले. मग सगळं पातेलं काउंटरवर उपडं केलं आणि एकेक उचलत गेली. नजर समोर रस्त्यावर, मनोरच्या बाजाराच्या गर्दीवर. सतरावा की अठरावा असेल. अंगठा थांबला. तिने तो मुठीत धरला आणि मूठ छातीशी नेली.

“हा.”

“साल बघू,” मी म्हणालो. सवय.

तिने मूठ उघडली. साल दुसरंच होतं. शेवटचा आकडा झिजलेला, तो मी कधीतरी घाईत चुकीचा वाचला होता. ज्या चारांत मी तो शोधत बसलो होतो, त्या चारांत तो नव्हताच.

“याच्यावर साल असतं?” ती म्हणाली. “मला ठाऊकच नव्हतं.”

आधी घेतलेला रुपया मी खिशातून काढून सराफाला परत देऊ लागलो, तर तिने माझा हात धरला. “तो नका देऊ. वितळवतील. तो पण कुणाच्या तरी आईचाच हाय.” म्हणून आम्ही दोन रुपये घेऊन निघालो.

नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा ती बोलायला लागली. सासूबाईंच्या माळेत अकरा रुपये होते. लहानपणी आईच्या कुशीत झोपताना ती मधल्या रुपयाच्या कडीशी अंगठ्याने खेळायची, तिथे डाखाचं एक टोक वर आलेलं होतं. मग एकेक रुपया गेला. भावाच्या शाळेला, वादळात उडालेल्या कौलांना, आजोबांच्या औषधाला. शेवटी तो मधला उरला. तिच्या लग्नाच्या सकाळी आईने तो पकडीने तोडून काढला आणि मांडवात दिला.

“तुझ्या ओटीत?” मी विचारलं.

“नाय. तुमच्या हातात दिला. बोलली, एवढाच राहिलाय, सांभाळा. तुमी हो बोललात.”

मला काही आठवत नव्हतं. मी तसं म्हणालोही. ती चहा फुंकत म्हणाली, “आठवणार कसं? तुमचं लक्ष कुठं होतं.”

घरी आल्यावर तिने रुपया वाटीत ठेवला आणि स्वयंपाकाला लागली. मी माळ्यावरून लग्नाचा अल्बम काढला. नाण्यांचे अल्बम मी आठवड्याला उघडतो, हा कितीतरी वर्षांत उघडला नव्हता. पानांमधले पातळ कागद चिकटले होते, ते हळूहळू सोडवत गेलो. फोटो सापडला. पंचवीस वर्षं माझ्याकडे त्या रुपयाचा फोटो होता तर. माझा उजवा हात पुढे आहे, तळव्यावर तो आहे, साल दिसत नाही, डाग दिसत नाही, नुसता पांढरा ठिपका. सासूबाईंचा हात अजून त्याच्यावरून पुरता सुटलेला नाही आणि त्या त्याच्याकडे बघताहेत. नवरीही मुंडावळ्यांखालून त्याच्याकडेच बघते आहे. आणि मी, सगळे दात काढून, फोटोवाल्याकडे बघतोय.